सीटी स्कॅन नॉर्मल, तरीही पक्षाघात : अचानक आलेल्या चक्करेचे निदान कसे व्हावे?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून त्याचा गोषवारा आधी देतो. आपल्या यजमानांचे वय 44. मधुमेह नाही, रक्तदाबाचा त्रास नाही. सकाळी दात घासताना त्यांना एकाएकी गरगरू लागले, बेसिनला धरून ते खाली बसले आणि उलट्या सुरू झाल्या. तासाभरात आपण त्यांना रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेले. हातपाय चालत होते, बोलणे स्पष्ट होते, तोंड वाकडे झालेले नव्हते आणि डोक्याचा सीटी स्कॅनही नॉर्मल आला. डोके हलवले की जास्त होते, असे त्यांनी सांगितल्यावर ही कानाची चक्कर आहे असे ठरले आणि इंजेक्शन व गोळ्या देऊन त्यांना घरी पाठवले. तिसऱ्या दिवशी डोके असह्य दुखू लागले, गुंगी येऊ लागली, तेव्हा केलेल्या एमआरआयमध्ये लहान मेंदूच्या डाव्या भागात पक्षाघात झाल्याचे दिसले. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा आतला पदर फाटून तेथे गुठळी झाली होती. दोन महिन्यांनंतर आज ते काठी घेऊन चालतात. सीटी नॉर्मल असताना पक्षाघात कसा असू शकतो, तो पहिल्याच दिवशी ओळखता आला असता का, आणि अंथरुणात कूस बदलताना ज्यांना चक्कर येते त्या आपल्या सासूबाईंचाही एमआरआय करून घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

याशिवाय आपल्या पत्रात एक वाक्य ओझरते येऊन गेले आहे : पायांत ताकद होती, तरी दोघांनी धरल्याशिवाय त्यांना उभे राहता येईना, म्हणून व्हीलचेअरवर बसवून गाडीपर्यंत न्यावे लागले. त्या सकाळची सर्वांत बोलकी खूण मला या वाक्यात दिसते. तिच्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

प्रथम सीटी स्कॅनविषयी. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तो सीटीमध्ये लगेच आणि स्पष्ट दिसतो, म्हणून पक्षाघाताची शंका असलेल्या रुग्णाचा सीटी करणे योग्यच असते. परंतु बहुतेक पक्षाघात रक्तस्रावाने होत नाहीत. रक्तवाहिनी बंद पडून मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटल्याने होतात, आणि अशा भागात पहिल्या काही तासांत होणारे बदल इतके सूक्ष्म असतात की सीटीला ते सहसा टिपता येत नाहीत. त्यातून तोल सांभाळणारे भाग, म्हणजे लहान मेंदू आणि मस्तिष्कस्तंभ, कवटीच्या तळाशी जाड हाडांच्या खोबणीत बसलेले असतात आणि त्या हाडांच्या सावल्या नेमक्या त्याच जागी चित्र धूसर करतात. या भागात पक्षाघात झालेल्या अर्ध्याहून कितीतरी अधिक रुग्णांचा सुरुवातीचा सीटी नॉर्मल असतो. त्यामुळे आपल्या यजमानांच्या अहवालातून ‘रक्तस्राव नाही’ एवढेच सिद्ध होत होते. ‘पक्षाघात नाही’ असा त्याचा अर्थ लावला गेला आणि पुढचे सर्व त्या एका गैरसमजातून घडले.

दुसरा गैरसमज घरीदारी सर्वत्र आहे. पक्षाघात म्हटले की लुळा पडलेला हात, वाकडे झालेले तोंड आणि बोबडी वळलेली जीभ हेच चित्र आपल्यासमोर येते. मेंदूच्या पुढच्या भागांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांपुरते ते खरे आहे. गुठळीने होणाऱ्या दर पाच पक्षाघातांपैकी साधारण एक मात्र मागच्या बाजूच्या वाहिन्यांत होतो, आणि तेथे हातापायांची ताकद पूर्ण शाबूत राहून केवळ गरगरणे, उलट्या आणि तोल जाणे एवढीच लक्षणे असू शकतात. पक्षाघाताची तीव्रता मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या गुणतक्त्यात अशा रुग्णाला कधी कधी शून्य गुण मिळतात, कारण त्यातले बहुतेक गुण हातपाय, चेहरा, वाचा यांना आहेत आणि चालताना जाणाऱ्या तोलाला एकही नाही. चेहरा, हात, बोलणे या तीन खुणांना पुढे तोल आणि डोळे यांची जोड देण्यात आली ती याच उणिवेमुळे.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. चक्कर कानाची की मेंदूची, हे ओळखण्यासाठी पूर्वी रुग्णाला पहिला प्रश्न विचारला जाई, ‘तुम्हाला नेमके काय होते?’ खोली फिरते, की अंधारी येते, की तोल जातो, की नुसते हलके वाटते? 1972 मध्ये मांडलेल्या चार गटांच्या वर्गीकरणावर ही पद्धत उभी होती आणि आम्ही सर्वजण तीच शिकलो. परंतु 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तातडीच्या विभागातील रुग्णांना तोच प्रश्न काही मिनिटांनी पुन्हा विचारला, तेव्हा सुमारे निम्म्या रुग्णांनी वेगळे उत्तर दिले. यात रुग्णांचा दोष नाही. भोवळ, घेरी, गरगरणे, झोक जाणे हे शब्द आपण रोजच्या बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरतो आणि उलट्यांनी बेजार झालेल्या माणसाकडून शब्दांच्या काटेकोरपणाची अपेक्षा करणेच चुकीचे आहे. मात्र चक्कर कधी सुरू झाली, किती वेळ टिकली, मध्ये थांबली का आणि कशाने सुरू झाली, हे तोच माणूस बहुतेक वेळा अचूक सांगतो. म्हणून आजची पद्धत वर्णनापेक्षा वेळ आणि कारण यांना अधिक महत्त्व देते.

येथे एक बारीक भेद आहे आणि आपल्या घरातील दोन्ही रुग्णांचा उलगडा त्यातून होतो. आपल्या सासूबाई स्थिर पडून असताना अगदी ठीक असतात. उजव्या कुशीवर वळल्या की दोन-चार क्षणांत खोली फिरू लागते, अर्ध्या मिनिटात थांबते आणि हालचाल न केल्यास पुन्हा काही होत नाही. त्यांची चक्कर हालचालीमुळे सुरू होते. आपल्या यजमानांना मात्र डोळे मिटून निश्चल पडले असतानाही गरगरत होते आणि डोके हलवले की ते वाढत होते. चक्कर सुरू होणे आणि आधीपासून असलेली चक्कर वाढणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. चक्कर मेंदूची असो वा कानाची, डोके हलवल्यावर ती वाढतेच. पाय मोडलेला असो वा मुरगळलेला, हलवल्यावर दुखतोच, तसे हे आहे. ‘डोके हलवले की जास्त होते’ या वाक्यावरून कानाचे निदान करणे ही या विषयातली सर्वांत जास्त वेळा घडणारी चूक आहे. म्हणून रुग्णाला विचारायचा प्रश्न असा, ‘तुम्ही अगदी न हलता पडून राहिलात, तर चक्कर पूर्ण थांबते का?’

न थांबता तासन्‌तास चालणारी चक्कर, सोबत मळमळ, उलट्या आणि चालताना झोकांड्या, असे एकाएकी सुरू झाले की दोन शक्यता प्रामुख्याने समोर येतात. एक म्हणजे कानाकडून मेंदूकडे तोलाचा संदेश नेणाऱ्या नसेला आलेली सूज. तिला आम्ही व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस म्हणतो. ती काही दिवस माणसाला अंथरुणाला खिळवते, पण जिवावर बेतत नाही. दुसरी शक्यता पक्षाघाताची. चक्कर घेऊन तातडीच्या विभागात येणाऱ्या एकूण रुग्णांपैकी साधारण 3 ते 5 टक्क्यांनाच पक्षाघात असतो. परंतु अशी सलग चक्कर असलेल्यांचा गट वेगळा काढला तर हे प्रमाण चारांत एक इतके वर जाऊ शकते.

या दोहोंतला फरक सांगणारी सर्वांत चांगली तपासणी रुग्णाच्या खाटेशीच होते आणि तिला यंत्र लागत नाही. तिचे तीन भाग आहेत. डॉक्टर रुग्णासमोर बसतात, त्याला डॉक्टरांच्या नाकाच्या शेंड्यावर नजर रोखायला सांगतात, दोन्ही हातांनी त्याचे डोके हलकेच धरतात आणि अनपेक्षितपणे, थोड्याच अंशांत पण झटकन, एका बाजूला वळवतात. कान आणि त्याची नस शाबूत असेल तर डोके वळले तरी बुबुळे नाकावरून ढळत नाहीत. नस सुजलेली असेल तर बुबुळे डोक्याबरोबर वाहून जातात आणि क्षणभराने एक छोटी उडी घेऊन पुन्हा नाकावर येतात. ही उडी एकदा नीट पाहिली की विसरता येत नाही. सिडनीतील हॅल्मॅगी आणि कर्थॉइझ या संशोधकांनी ही चाचणी 1988 मध्ये मांडली. यातला उलटा वाटणारा मुद्दा असा की सलग गरगरणाऱ्या रुग्णात ही उडी दिसली तर ती दिलासा देते, आणि दिसली नाही, म्हणजे चाचणी ‘नॉर्मल’ आली, तर काळजी वाढते. कारण कानाची नस ठीक आहे आणि तरीही सर्व फिरते आहे, याचा अर्थ बिघाड आत, मेंदूत असण्याचा संभव अधिक.

दुसऱ्या भागात डोळ्यांचे हेलकावे पाहतात. चक्कर चालू असताना बुबुळे एका बाजूला सावकाश सरकतात आणि झटक्याने परत येतात; याला निस्टॅग्मस म्हणतात. कानाच्या आजारात या झटक्याची दिशा एकच राहते, रुग्णाने कोठेही पाहिले तरी ती बदलत नाही. उजवीकडे पाहिल्यावर झटके उजवीकडे आणि डावीकडे पाहिल्यावर डावीकडे जात असतील, किंवा बुबुळे वर-खाली उडत असतील, तर कारण मेंदूत शोधावे लागते. तिसऱ्या भागात एकेक डोळा आळीपाळीने झाकतात. झाकलेला डोळा उघडताच त्याचे बुबुळ वर किंवा खाली सरकून जागेवर आले, तर मस्तिष्कस्तंभ किंवा लहान मेंदूकडे बोट जाते. तिन्हीपैकी एक जरी खूण मेंदूकडची निघाली तरी रुग्णाला पक्षाघाताचा रुग्ण समजूनच पुढे जायचे असते. 2009 मध्ये ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात 101 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या तिन्ही खुणा मिळून पक्षाघाताचा एकही रुग्ण निसटला नाही, उलट पहिल्या 48 तासांत केलेल्या एमआरआयने पक्षाघात झालेल्यांपैकी 12 टक्क्यांना ‘नॉर्मल’ ठरवले होते. म्हणजे लवकर केलेला एमआरआयसुद्धा शेवटचा शब्द नसतो. डोळे आणि चाल पक्षाघात सांगत असतील आणि एमआरआय नाही म्हणत असेल, तर रुग्णाला ठेवून घेऊन काही दिवसांनी तो पुन्हा करावा लागतो.

या तपासणीच्या मर्यादाही मी सांगितल्याच पाहिजेत, कारण अर्धवट माहितीने तिचा गैरवापर होताना मी पाहतो. तो अभ्यास या विषयात मुरलेल्या तज्ज्ञांनी केला होता. ज्याने ही चाचणी शिकून, सराव करून आत्मसात केलेली नाही, त्याच्या हाती ती तितकी भरवशाची राहत नाही. ती केवळ चक्कर आणि निस्टॅग्मस चालू असतानाच लागू पडते. चक्कर थांबलेल्या किंवा सासूबाईंसारखी क्षणिक चक्कर येणाऱ्या माणसाची मान वळवून पाहिली तर चाचणी साहजिकच नॉर्मल येईल आणि नको ती भीती निर्माण होईल. आणि घरी कोणीही कोणाची मान अशी झटक्याने वळवू नये. आपल्या यजमानांसारख्या मानेतली रक्तवाहिनी फाटलेल्या रुग्णात तर ते धोक्याचे आहे.

आता त्या व्हीलचेअरकडे येतो. कानाच्या नसेला सूज आलेला रुग्ण चालताना एका बाजूला झुकतो, भिंतीचा आधार घेतो, पण बहुधा उभा राहू शकतो आणि चार पावले टाकू शकतो. लहान मेंदूचा पक्षाघात झालेल्या रुग्णाच्या पायांत पूर्ण ताकद असते, पलंगावर पडून तो दोन्ही पाय उचलून दाखवतो, आणि तरीही आधाराशिवाय उभा राहू शकत नाही. काही जणांना तर हाताची घडी घालून पलंगाच्या कडेवर सरळ बसताही येत नाही. उलट्यांनी थकलेल्या माणसाला उठवणे नको, या सद्भावनेने त्याची सर्व तपासणी झोपलेल्या अवस्थेत उरकली जाते आणि नेमकी हीच खूण पाहायची राहून जाते. माझ्या उमेदवारीच्या काळात असाच एक रुग्ण मी पडल्यापडल्या तपासला, हातपाय उत्तम आहेत असे नोंदवले आणि निश्चिंत झालो. माझ्या वरिष्ठांनी येऊन त्याला फक्त उठून बसायला सांगितले, तर तो पोत्यासारखा डावीकडे कलंडला. तेव्हापासून चक्कर आलेल्या रुग्णाला उभे करून, चालवून पाहिल्याशिवाय मी घरी पाठवत नाही. त्या दिवशी आपल्या यजमानांना तपासणारे डॉक्टर निष्काळजी होते असे मी येथून म्हणणार नाही. त्यांनी सीटी केला, म्हणजे शंका त्यांच्याही मनात आली होती. परंतु ज्याला आधाराशिवाय उभे राहता येत नाही अशा चक्करेच्या रुग्णाला घरी पाठवू नये, हे माझे मत स्पष्ट आहे. आणि आपल्याकडून काही राहिले असे जे आपण लिहिले आहे, ते कृपया मनातून काढून टाका. आपण त्यांना तासाभरात रुग्णालयात नेले होते.

वयाने आणि प्रकृतीनेही येथे फसगत केली. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा आतला पदर फाटणे हे तरुण आणि मध्यम वयातल्या पक्षाघाताचे एक महत्त्वाचे कारण आहे. मानेला बसलेला हिसका, कधी अगदी किरकोळ, आणि काही वेळा तेवढाही नाही, असा त्याचा पूर्वेतिहास असतो. आपण लिहिता की आधीचे तीन-चार दिवस त्यांची मान मागून, डाव्या बाजूने दुखत होती आणि उशी बदलल्याने तसे झाले असावे असे सर्वांना वाटले. मानेचे किंवा डोक्याच्या मागच्या भागाचे नवे, पूर्वी कधी न अनुभवलेले दुखणे आणि त्यापाठोपाठ चक्कर, ही जोडी दिसली की वय कितीही कमी असले तरी रक्तवाहिन्यांची तपासणी करावी. तिसऱ्या दिवशीची गुंगी आणि डोकेदुखी ही लहान मेंदूला आलेल्या सुजेची होती. कवटीच्या त्या अरुंद कप्प्यात सूज वाढली की मस्तिष्कस्तंभ दाबला जातो आणि कधी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. आपण त्यांना त्याच दिवशी परत नेले, यामुळे त्यांचा जीव वाचला असे मी विचारपूर्वक लिहितो आहे.

पुढे अशी वेळ कोणावरही आली तर काय करावे, तेही सांगतो. एकाएकी सुरू होऊन थांबत नसलेल्या चक्करेसोबत एक वस्तू दोन दिसणे, जीभ जड होणे, गिळताना ठसका लागणे, चेहऱ्याची किंवा अंगाची एक बाजू बधिर होणे, उभे न राहता येणे, मान वा डोके नव्याने दुखणे यांपैकी काहीही असले तर वाट पाहू नये. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर ‘कानच आहे’ असे समजून निर्धास्त होऊ नये, कारण अंतर्कर्णाला रक्त पुरवणारी वाहिनी मेंदूच्याच वाहिनीची फांदी आहे आणि ती बंद पडली की चक्कर आणि बहिरेपण एकत्र येऊ शकतात. रुग्ण शेवटचा पूर्ण ठीक केव्हा होता, ती वेळ लिहून ठेवावी. गुठळी विरघळवणारे औषध योग्य रुग्णांना साधारणपणे 4.5 तासांच्या आतच देता येते आणि ते तास या वेळेपासून मोजले जातात. तोपर्यंत तोंडाने काही देऊ नये, कारण गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते. रक्तस्राव नाही हे ठरण्याआधी ॲस्पिरिनही देऊ नये. सीटी नॉर्मल आहे असे सांगितले गेले, तर नम्रपणे पण ठामपणे एवढे विचारावे, ‘यांना उभे करून, चालवून पाहिले का? डोळ्यांची तपासणी झाली का? मागच्या भागातला पक्षाघात नाही याची खात्री कशावरून?’ हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अवमान नव्हे. चांगल्या डॉक्टरांना त्यांनी मदतच होते.

यजमानांच्या बाबतीत, रक्त पातळ राखण्याचे औषध तज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका, मानेचे मालीश किंवा मान मोडून घेणे पूर्ण टाळा आणि तोल सुधारण्याचे व्यायाम रोज, कंटाळा आला तरी, चालू ठेवा. लहान मेंदूच्या पक्षाघातातून होणारी सुधारणा अनेक महिने चालू राहते. दोन महिन्यांत काठीपर्यंत येणे ही चांगली प्रगती आहे.

सासूबाईंना एमआरआयची गरज आपल्या वर्णनावरून मला दिसत नाही. अंतर्कर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. ते जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की कूस बदलताना, वर पाहताना किंवा खाली वाकताना अशी मिनिटभराच्या आतली चक्कर येते. 1952 पासून प्रचलित असलेल्या डिक्स-हॉलपाइक चाचणीने, म्हणजे डोके एका बाजूला वळवून रुग्णाला पटकन आडवे करून डोळे पाहिल्याने, तिचे निदान होते. त्यानंतर त्याच पलंगावर एप्ली पद्धतीने डोके क्रमाने वळवून ते स्फटिक परत जागी नेता येतात आणि बऱ्याच रुग्णांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. रोजच्या चक्करेच्या गोळ्यांनी हे स्फटिक हलत नाहीत, उलट वृद्ध माणूस सुस्त होऊन पडण्याचा धोका वाढतो. मात्र त्यांची चक्कर स्थिर पडल्यावरही थांबेनाशी झाली, तर वर लिहिलेले सर्व त्यांनाही लागू होईल. त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्याल तेव्हा चक्कर कोणत्या कुशीवर वळल्यावर येते आणि किती सेकंद टिकते, हे दोन-तीन दिवस घड्याळ लावून पाहा आणि तो कागद सोबत घेऊन जा. तपासणी नेमक्या कोणत्या बाजूने सुरू करायची, हे डॉक्टरांना त्यावरून लगेच कळेल.